कानाचे तारण

जुन्नर,
मिती चैत्र वद्य ११, शके १८३१

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या सोपानचे तुमच्या पायांवर डोके. आई, अंजना आणि गुरे सुखरूप आहेत. काळी म्हैस व्याली, रेडी झाली. इगतपुरीला इंजिनाच्या धुराने तुम्हाला खोकला लागला होता तो थांबला का, ते आईने दोन वेळा विचारायला सांगितले आहे, म्हणून लिहिले.

अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे, म्हणजे शेडमधल्या कारकुनाकडून पत्र वाचून घ्यावे लागणार नाही. काही मजकूर घरातला आहे. ओळी उजवीकडे वर चढल्या आहेत त्याबद्दल रागावू नये. कागद सरकतो.

आता मुख्य बातमी. मी परवा घोडेगावला महालकरी साहेबांच्या कचेरीत जाणार आहे, आणि नुसता जाणार नाही, तर फिर्याद घेऊन जाणार आहे. आपल्या घरातले कोणी कचेरीची पायरी चढले असेल तर ते शेतसारा भरायला. माझे नाव शिपाई मोठ्याने पुकारणार आहे. काल रात्री झोप लागली नाही ती याच विचाराने.

घाबरण्यासारखे काही नाही. पौर्णिमेला गावच्या यात्रेत गाड्यांच्या शर्यतीनंतर एका इसमाने मला जुवाची जाड लाकडी शिवळ उपसून मारली. डाव्या हाताचे हाड मनगटाच्या वर मोडले. आमच्या दुकानाचे शेठजी त्या दिवशी आपल्या लोणीत होते. त्यांनीच मला टांग्यात घालून जुन्नरला आणले, कारण चांगला हाडवैद्य इथे आहे. बांबूच्या कामट्या बांधल्या आहेत. शेठाणी जतनबाई रोज हळदीचे दूध देतात आणि पिऊन होईपर्यंत समोरून हलत नाहीत. हात बरा आहे.

फिर्यादीची कल्पना शेठजींची. तुम्हाला माहीत आहे, रिखबचंद शेठ मुंगीलाही बाजूला सारून मग पाऊल टाकतात. मला वाटले होते, ते सोडून दे म्हणतील. ते म्हणाले, "सोपान, मारणाऱ्याला क्षमा करायची असेल तर ती तू घरी बसून कर. पण खर्च झाला आहे तो मागायचा. त्यात भीक नाही आणि वैरही नाही." सरकारने दंड केला तर त्याच दंडातून जखमी माणसाला औषधपाण्याचा खर्च देता येतो, असे कायद्यात लिहिलेले आहे म्हणे. दादा, हे तुम्हाला माहीत होते का? मला नव्हते. मार खाल्लेल्या माणसाचाही कोणी कायद्यात विचार करून ठेवला आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले.

मग बाजारातल्या अर्जनवीसाकडे गेलो. तो म्हणाला, खर्च सांग. हाडवैद्याची फी, टांगा, तेल, बुडालेला पगार हे सर्व मी टिपून ठेवले होते. पण हाडवैद्याने रोख पैशांशिवाय एक कोंबडी घेतली होती, आणि ती आईने घरची पाठवली होती. अर्जनवीस म्हणाला, कोंबडीचा भाव लाव. मी म्हणालो, घरच्या कोंबडीला भाव कसा लावू, ती विकत आणलेलीच नाही. त्यावर तो म्हणाला, "बाबा, तू फिर्यादी आहेस की कोंबडीचा मामा?" शेवटी कोंबडी गाळली. एकंदर सतरा रुपये नऊ आणे झाले. कोंबडी गाळल्याचे मला अजून वाईट वाटते, पण खोटा आकडा सरकारपुढे नको.

फिर्याद त्याने वाचून दाखवली. त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाची चूक होती, ती मी सांगितली. त्याला राग आला, पण दुरुस्त केली.

इसमाचे नाव फिर्यादीत आहे. ते इथे लिहून काय उपयोग. तुम्ही रजा मागू नये, शेडमध्ये सध्या काम फार असेल.

आईने अंजनाच्या लग्नाचा मुहूर्त तुम्हाला कळवायला सांगितला आहे. मुहूर्ताचे सध्या राहू द्यावे. यंदा ऊन फार आहे.

तुमचा आज्ञाधारक,
सोपान

---

जुन्नर,
मिती वैशाख शुद्ध ५, शके १८३१

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार तर आहेच, पण आज तो जरा दुरूनच. तुमचे पत्र मिळाले. शेडमधला लोखंडी दांडा घेऊन येतो, त्याचे फक्त नाव कळव, असे तुम्ही लिहिले आहे. आईकडे निरोप धाडताना मी दांड्याचे गाळले आणि खोकला थांबला एवढेच कळवले.

नाव लिहितो. पण आधी कबूल करावे की पत्र मध्येच खाली ठेवून स्टेशनात जाणार नाही.

दादा, तो आपला भगवंत आहे. डिंभ्याचा. तुम्ही ज्याच्याशी दरवर्षी कुस्ती धरत होता आणि तीन वर्षांपूर्वी आखाड्यातच ज्याच्या खांद्यावर हात टाकून "माझी बहीण तुझ्या घरी" असे म्हणाला होता, तोच. शब्द तुमचा, माणूस तुम्ही निवडलेला. म्हणून मागच्या पत्रात नाव लिहिताना हात मागे घेतला. आबा गेल्यापासून अंजनाचे लग्न दोनदा पुढे गेले. तिला एकोणीस पुरी झाली. बायका पाणवठ्यावर तिच्यासमोर तिचे वय विचारतात. हे स्थळ गेले तर दुसरे कुठून आणायचे, हे मला कळत नाही.

आता कसे घडले ते सांगतो, म्हणजे दोन्ही बाजू तुम्हाला दिसतील.

दरवर्षी शर्यतीच्या घाटात एकेक गाडा चढाने पळतो आणि कोणता जोरात आला ते पंच नजरेने ठरवतात, आणि दरवर्षी त्यावरून डोकी फुटतात. यंदा पंचांनी ठरवले की घड्याळ लावायचे. शेठजींचे पुण्याहून आणलेले घड्याळ आहे, त्याला सेकंदाचा काटा आहे. ते वाचता येणारा गावचा माणूस म्हणून मला बोलावले. शेठजी घड्याळ द्यायला तयार नव्हते. बैलाला चाबूक लागणार नसेल तरच देतो म्हणाले. पंचांनी त्यांना हातात बेलभंडारा घेऊन वचन दिले, आणि खरोखर यंदा एकाही बैलाच्या पाठीवर वळ उठला नाही.

मी वरच्या रेघेवर उभा होतो. खाली कापड पडले की काटा बघायचा आणि बैलांच्या शिंगांनी रेघ ओलांडली की पुन्हा बघायचा. दादा, हे काम मला इतके आवडले की काय सांगू. सारा घाट ओरडत होता, हलगी वाजत होती, धुळीने काही दिसत नव्हते, आणि त्या सर्व गोंधळात माझ्या मुठीत ती एवढीशी टिकटिक कोणाकडे न बघता चालली होती.

भगवंतचे बैल फार सुरेख पळाले. लोकांनी तेव्हाच टोप्या उडवल्या. पण पारगावचा गाडा त्याच्यापेक्षा एका सेकंदाने कमी वेळात आला होता. एका सेकंदाने. मी दोनदा पाहिले. पंचांनी विचारले, मी सांगितले. मानाचा फेटा पारगावला गेला.

भगवंत वर आला. म्हणाला, "सोयरा हाईस का सावकार? घड्याळ बैल पळवतंय व्हय?" मी म्हणालो, घड्याळ फक्त बघते. लोक हसले. त्या हसण्यानेच घात केला. त्याने शिवळ उपसली. मी उजव्या हातात घड्याळ धरले होते, ते छातीशी घेतले आणि डावा हात पुढे केला.

घड्याळाला ओरखडाही नाही.

घोडेगावला पहिल्या तारखेला साहेबांनी त्याला विचारले, मारलेस का? त्याने उत्तर दिले ते कारकुनाने दोनदा विचारून लिहून घेतले. तो म्हणाला, "साहेब, म्या माणसाला मारलंच न्हाई. म्या घड्याळाला मारलं. ह्यानं हात मधी घातला." साहेबांनी विचारले, घड्याळाने तुझे काय केले होते? तर म्हणतो, "लबाड बोललं." साहेबांना हसू आले असावे, कारण त्यांनी कागद तोंडासमोर धरला. मलाही आले, पण मी फिर्यादी असल्यामुळे हसलो नाही. खरे सांगायचे तर तो खोटे बोलत नव्हता. त्याची नजर घड्याळावरच होती, ते मी पाहिले आहे.

साहेबांनी पुढची तारीख शुद्ध बाराची दिली आणि सरकारी दवाखान्याचा दाखला आणायला सांगितले. तो मिळाला. हाड जुळत आले आहे असे डॉक्टर म्हणाले. बोटांविषयीही काही बोलले, ते नीट कळले नाही. सूज उतरली की होईल.

कचेरीबाहेर चिंचेखाली भगवंतचे वडील सावळारामबाबा बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला आणि लगेच म्हणाले, "पावणं, एक तर सोयरीक ठेवा, न्हाईतर फिर्याद. बाराच्या आत कागद मागं घ्या. न्हाईतर आमी पोराला दुसरं दार बघतो."

मी म्हणालो, बाबा, खर्च तेवढा द्या, मी आज कागद मागे घेतो.

त्यावर ते म्हणाले, "पैका हाय माझ्याकडं. पर फिर्यादीच्या भ्यानं दिला म्हंजी दंडच भरल्यावाणी झालं. उद्या गाव म्हणंल, सावळारामाचं पोरगं गुन्हेगार. त्यो पैका म्या द्यायचा न्हाई." हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते. ते वाईट माणूस नाहीत.

मी दोन्हीकडून अडकलो आहे. खर्च शेठजींनी दिला आहे, ते मागत नाहीत, म्हणूनच मला तो ठेवून घेता येत नाही. आणि खर्च सोडून दिला तर यात्रेतला प्रत्येक माणूस म्हणणार की सोपानने खोटे सांगितले होते, म्हणून गप्प बसला. दादा, मी बरोबर सांगितले होते.

शब्द तुमचा आहे. तुम्ही सांगाल ते करतो. कागदावर दगड ठेवून लिहिले आहे, तरी ओळी वाकड्या आल्या.

तुमचा,
सोपान

---

घोडेगाव, कचेरीसमोरचा पिंपळ,
मिती वैशाख शुद्ध १२, शके १८३१

तीर्थस्वरूप दादा,

धावतपळत नमस्कार. टपाल निघायला थोडाच वेळ आहे आणि मला इतके सांगायचे आहे की शाई दौतीबाहेर सांडली.

तुमचे पत्र नवमीला मिळाले. "फिर्याद काढ, सतरा रुपये मी माझ्या पगारातून धाडतो, अंजनाचे लग्न मोडू नको." पत्र मी दोनदा वाचले. पण तुम्ही का द्यायचे? तुम्ही कोणाला मारले आहे? त्याच दिवशी आईचा लोणीहून निरोप आला, म्हणून गाडीने घरी गेलो.

आई रडत होती. अंजना कंदिलाची काच पुसत होती. इतके दिवस या विषयावर तिने एक शब्द काढला नव्हता आणि मीही विचारले नव्हते, हे मला तिथे बसल्यावर लक्षात आले. मी म्हणालो, तारखेला फिर्याद मागे घेतो, खर्च गेला.

ती म्हणाली, "भाऊ, माझ्या नवऱ्याचा कान कोण पिळणार हाय?"

मला वाटले, चिडून बोलते आहे.

"कानपिळीचं म्हणते मी. दादाला रजा मिळंल न मिळंल. मग मांडवात कान तूच पिळणार न्हवं? पिळल्यावर नवऱ्यानं मेव्हण्याला मागंल ते द्यायचं असतं. दिल्याबिगर कान सोडायचा नसतो. त्यात कुणाची लाज गेल्याली ऐकलीस कदी? तो तर मान असतो." मग काच कंदिलावर बसवली आणि म्हणाली, "कचेरीत दिला तर दंड. मांडवात दिला तर मान. पैका त्योच."

आईचे रडणे थांबले. मी विचारले, आणि मांडवात त्याने नाही म्हटले तर?

"तर मी त्या घरात पाणी पिणार न्हाई. ह्ये बी सांग त्यास्नी." मग कंदील खुंटीला लावत म्हणाली, "घड्याळाला मारलं म्हणतोय त्ये मला खरं वाटतंय. पर हात तुझा व्हता."

दादा, आम्ही दोघे भाऊ लिहायला वाचायला शिकलो आणि हिला चुलीपाशी बसवले.

आज सकाळी मी साहेबांपुढे सांगितले की मला तडजोड करायची आहे. त्यांनी विचारले, "म्हणजे खर्च सोडला?" मी म्हणालो, नाही साहेब, खर्च मिळायचा आहे, येत्या वद्य पंचमीला, लग्नात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि तोपर्यंत तारण काय घेतलेस?"

मी म्हणालो, "साहेब, त्याचा कान."

आधी कोणाला कळले नाही. मग कारकुनाला कळले, त्याच्या टाकातून शाईचा थेंब पडला. मग पट्टेवाल्याला, मग दारातल्या लोकांना. साहेब देशस्थ आहेत, त्यांच्याही लग्नात कोणी कान पिळला असेलच. त्यांनी भगवंतकडे पाहिले आणि विचारले, कबूल आहे? भगवंतचा हात आपोआप कानाकडे गेला. सावळारामबाबा मागून म्हणाले, "कबूल म्हण की मर्दा." तो म्हणाला, कबूल.

साहेबांनी तडजोडीला परवानगी दिली. म्हणाले, "खर्च पोचला की कळव. न पोचला तर मात्र कानावर जप्ती आणायचा मला अधिकार नाही."

बाहेर आल्यावर सावळारामबाबांनी मला गूळ दिला. भगवंत बैल जुंपायला गेला. गाडीत चढताना मात्र मागे वळून म्हणाला, "हळू पीळ."

कामट्या काल काढल्या. हात सरळ आहे. लग्न ठरल्याप्रमाणे होणार आहे. रजेचे बघावे, दांडा आणू नये.

घाईतला,
सोपान

---

लोणी,
मिती वैशाख वद्य ७, शके १८३१

तीर्थस्वरूप दादा,

पाया पडायला तुम्ही समोर नव्हता, म्हणून अंजनाने निघताना तुमच्या जुन्या कुस्तीच्या लंगोटाला, आई पेटीत ठेवते त्याला, नमस्कार केला. शेडच्या साहेबाने रजा नाकारल्याचे तुमचे पत्र मुहूर्ताच्या दिवशी मिळाले. आईने ते उघडू दिले नाही. रात्री वाचले.

लग्न फार चांगले झाले. गहू पुरले. शेठजी आणि जतनबाई आले होते, त्यांच्यासाठी दिवस मावळायच्या आत वेगळा स्वयंपाक केला होता. शेठजींच्या खिशात घड्याळ होते. अक्षतांची वेळ भटजी घटकापात्रावर बघत होते आणि शेठजी हळूच घड्याळावर. दोन्ही जुळले, तेव्हा शेठजी माझ्याकडे पाहून हसले.

आता कानपिळीचे.

मांडवात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. डिंभ्यापासून पारगावपर्यंत पसरली होती. ज्यांना बोलावणे नव्हते तेही आले होते. मी बोहल्याकडे निघालो तेव्हा हलगीवाल्याने आपण होऊन हलगी धरली. बायका ओरडत होत्या, "सोपाना, उपटून आण." भगवंत मान खाली घालून बसला होता, मुंडावळ्यांतून घाम गळत होता. अंजना शेजारी होती. तिने वर पाहिले नाही, पण तिच्या खांद्यांवरून कळत होते की ती हसते आहे.

मी उजव्या हाताने त्याचा कान धरला आणि पिळला. हळू नाही. दादा, त्या शिवळीच्या दिवसापासून जे काही माझ्यात साठले होते ते सर्व बोटांत आले होते. तो ओठ आवळून बसला, कण्हला नाही.

कोणीतरी म्हणाले, "माग रं, काय मागायचं त्ये."

मी म्हणालो, "माझा हात मोडला त्याचा औषधपाण्याचा खर्च."

सावळारामबाबांनी नवा फेटा पुढे केला. त्याच्या पदराला गाठ होती. भगवंतने ती गाठ सर्वांना दाखवली आणि फेटा माझ्या खांद्यावर ठेवला. गाठीत पूर्ण अठरा रुपये होते. मी म्हणालो, सात आणे जास्त आहेत. तर म्हणतो, "कोंबडीचं." अर्जनवीसाने ती गोष्टही गावभर केली होती म्हणायची. मांडव हसून हसून लोटपोट झाला.

लोक म्हणाले, आता सोड. मी कान सोडला नाही.

मी म्हणालो, "आणखी एक. घड्याळ बरोबर होते का?"

हलगी थांबली. हे ठरलेले नव्हते. अंजनाने आता वर पाहिले. भगवंतने पारगावच्या लोकांकडे पाहिले. त्याचा कान माझ्या चिमटीत गरम झाला होता.

"बरुबर व्हतं," तो म्हणाला. मग मान उचलून म्हणाला, "माझं बैल बी बरुबर व्हतं."

मी म्हणालो, "तेही खरे आहे," आणि कान सोडला. दादा, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. पारगावचे लोकही ओरडत होते.

इथवर तुम्हाला कोणीही सांगेल. पुढचे कोणाला नीट दिसले नाही, म्हणून ते मी सांगतो.

फेटा मिळाला की तो तिथेच डोक्याला बांधायचा असतो. सर्व जण बांध बांध म्हणू लागले. फेटा बांधायचा तर एक टोक डाव्या हाताने धरून ठेवावे लागते आणि उजव्याने फेर द्यावे लागतात. मी टोक डाव्या हातात दिले. ते गळून पडले. पुन्हा दिले. पुन्हा पडले. लोकांना वाटले, मी मेव्हण्याची थट्टा करतो आहे, ते आणखी हसले. मीही हसलो.

भगवंत हसत नव्हता. तो अगदी जवळ होता. माझ्या बोटांकडे बघत होता.

हळू आवाजात म्हणाला, "मिटत न्हाईत?"

मी म्हणालो, अजून नाहीत.

"मिटतील?"

मी फेट्याचे पडलेले टोक पुन्हा उचलले. डॉक्टरांनी दाखला देतानाच सांगितले होते, आणि ते मला तेव्हाच नीट कळले होते.

तो बोहल्यावरून उठला. भटजी नाही नाही म्हणत होते. त्याने माझ्या हातातून फेटा घेतला आणि हळदीच्या हातांनी माझ्या डोक्याला बांधू लागला. फार वेळ लावला. एकेक फेर ओढून बसवत होता. शेवटी शेमला खोचला आणि तो दोनदा सारखा केला. कानाशी वाकून म्हणाला, "ह्येचा खर्च त्या गाठीत न्हाई."

मी म्हणालो, "याचा आकडा मला काढता आला नाही, म्हणून फिर्यादीत घातला नाही."

बस्स, एवढेच. मग वाजंत्री सुरू झाली.

आईला हे कळवू नये. शेठजींना ठाऊक आहे. तराजू उचलायचे काम मला यापुढे जमणार नाही. त्यांनी मला पेढीवर बसवले आहे, पगार तोच ठेवला आहे. मला ते ओशाळवाणे वाटत होते, पण शेठजी म्हणाले, ज्या उजव्या हाताने माझे घड्याळ वाचवले त्याच हाताला मी हिशेब लिहायचे काम देतो. खर्चाचे पैसे त्यांना काल पोचवले. महालकरी साहेबांनाही पोचल्याचे लिहून कळवले आहे. कोंबडीचे सात आणे आईला दिले.

अंजना आणि भगवंत परतपाठवणीला आज इथे आले आहेत. अंजना आत आईशी बोलते आहे. आवाज चांगला आहे. सासरी गेल्या गेल्या तिने पाणी मागून घेतले, असे सावळारामबाबा सर्वांना सांगत असतात.

भगवंत माझ्यासमोर ओटीवर बसला आहे. हा कागद त्यानेच दोन्ही हातांनी धरला आहे, मी सांगितले नव्हते. त्याला वाचता येत नाही. आता विचारतो आहे, दादाला माझं काय लिवलं? मी सांगितले, फेटा चांगला बांधतोस असे लिहिले. तो माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाला, "हाताचं बी लिव. चोरू नगंस."

लिहिले आहे. ओळी या वेळी सरळ आल्या आहेत, ते तुम्ही पाहिलेच असेल.

तुमचा धाकटा,
सोपान